ज्वारीचा दाणा की लाही? वास्प-१०७ बी या फुगलेल्या ग्रहाची केस

एप्रिलमध्ये सोलापुरात रात्री अकरा वाजतासुद्धा गच्चीवर अनवाणी पाय ठेवायची सोय नसते. दिवसभर भाजलेला स्लॅब तोपर्यंत उष्णता सोडत असतो आणि दुर्बिणीसाठी हे फार वाईट, कारण वर चढणारी गरम हवा ताऱ्याचा ठिपका सारखा हलवत राहते. म्हणून आम्ही जुळे सोलापूरच्या आमच्या गच्चीवर संध्याकाळीच पाणी मारतो, जुन्या चादरी ओल्या करून अंथरतो आणि मधोमध दुर्बीण लावतो. बराच फरक पडतो.

त्या रात्री मी आणि माझी भाची (बारावी सायन्स, उत्तर पटेपर्यंत पिच्छा सोडत नाही) हस्त आणि चित्राच्या मधल्या आकाशात एक तारा धरून बसलो होतो. नाव वास्प-१०७. कन्या राशीत, सोंब्रेरो दीर्घिकेपासून दोनेक अंशांवर. साडेअकराव्या प्रतीचा आहे त्यामुळे नुसत्या डोळ्यांना दिसायचा प्रश्नच नाही, पण आठ इंची दुर्बिणीला कॅमेरा जोडला की बऱ्यापैकी येतो. काम एवढंच, की दर मिनिटाला फोटो घ्यायचा, शेजारच्या तीन-चार ताऱ्यांशी त्याचा उजेड ताडून बघायचा आणि तीन-चार तास जागचं हलायचं नाही. या ताऱ्याचा ग्रह, वास्प-१०७ बी, पावणेतीन तास त्याच्यासमोरून सरकतो आणि तेवढ्या वेळात उजेड साधारण २ टक्क्यांनी उतरतो. ग्रहाची एक फेरी ५ दिवस १७ तासांची, त्यामुळे आपल्याकडे रात्र, तारा डोक्यावर आणि आकाश मोकळं असं सगळं जुळणाऱ्या रात्री सीझनमध्ये अगदी मोजक्याच मिळतात.

आमचा आलेख खडबडीत आला पण खड्डा स्पष्ट दिसला. भाचीने तिथेच वहीत हिशोब मांडला: उजेड २ टक्क्यांनी कमी झाला म्हणजे तेवढं क्षेत्रफळ झाकलं, वर्गमूळ काढलं की ग्रहाचा व्यास ताऱ्याच्या व्यासाच्या १४-१५ टक्के. तारा सूर्यापेक्षा लहान, नारिंगी, व्यास सूर्याच्या दोन तृतीयांश. म्हणजे ग्रह जवळजवळ गुरूएवढा. मग मी तिला वजन सांगितलं, जे आपल्या गच्चीवरून मोजता येत नाही, त्याला मोठ्या दुर्बिणींचे वर्णपट लागतात. वजन पृथ्वीच्या ३० पट. गुरूचं ३१८ पट आहे.

"मामा, आकार गुरूएवढा आणि वजन गुरूच्या दहाव्या हिश्शाचं? मग आत भरलंय काय?"

हाच प्रश्न २०१७ पासून या ग्रहाच्या मागे लागलेल्या लोकांना पडलाय आणि त्याचं उत्तर मधल्या काळात एकदा चक्क उलटं झालं. मला ही केस नीट मांडावीशी वाटते कारण मधल्या आकाराचे वायुग्रह कसे बनतात आणि ताऱ्याजवळ कसे येऊन पोहोचतात या दोन्ही गोष्टींचे धागे या एकाच ग्रहात गुंतलेत.

आधी हाताशी काय आहे ते बघू. शोध २०१७ मध्ये जाहीर झाला, वास्प प्रकल्पाचा. या लोकांनी मोठी दुर्बीण न वापरता कॅननच्या २०० मिमी कॅमेरा लेन्स एकत्र लावून आकाशभर ताऱ्यांचा उजेड मोजला, दक्षिणेकडचं त्यांचं केंद्र दक्षिण आफ्रिकेत होतं. तारा आपल्यापासून सुमारे २०० प्रकाशवर्षं. ग्रह ताऱ्यापासून फक्त ८२ लाख किमी, आपला बुध सूर्यापासून सरासरी ५ कोटी ८० लाख किमीवर आहे म्हणजे त्याच्या सातपट जवळ. तारा थंडसर असल्यामुळे ग्रहावर येणाऱ्या उजेडाच्या हिशोबाने तापमान ४५० ते ५०० सेल्सिअसच्या आसपास निघतं, असल्या ग्रहांमध्ये हे काही फार नाही. घनता मात्र लिटरला १४० ग्रॅमच्या आसपास. पाणी लिटरला एक किलो, शनी ७०० ग्रॅम, आणि हा १४० ग्रॅम! आणि २०१८ मध्ये हबल दुर्बिणीने या ग्रहाभोवती हेलियम पकडला, सौरमालेबाहेरच्या ग्रहावर हेलियम सापडण्याची ती पहिलीच वेळ. तो हेलियम ग्रहावरून निसटत होता. अंदाज असा निघाला की दर अब्ज वर्षांत हा ग्रह स्वतःच्या वजनाच्या ०.१ ते ४ टक्के एवढा वायू गमावतो.

आता बनतो कसा. तरुण ताऱ्याभोवती वायू आणि धुळीची तबकडी फिरत असते. धूळ चिकटून खडे, खडे गोळा होऊन गाभा, आणि गाभा पृथ्वीच्या दहाएक पट झाला की तो आजूबाजूचा हायड्रोजन-हेलियम ओढायला लागतो. सुरुवातीला हे काम संथ असतं, कारण ओढलेला वायू गरम असतो, तो थंड होऊन आकसला तरच वर नवीन वायूला जागा होते. पण वायूचं वजन गाभ्याच्या वजनाइतकं झालं की गणित बिघडतं, मग ग्रह सुसाट वायू गिळतो आणि थोड्याच काळात शनी-गुरूच्या पंक्तीला जाऊन बसतो. तबकडीतला वायू टिकतो काही दशलक्ष वर्षं, त्यानंतर तो संपतो. सोलापूरकरांना हे समजावून सांगायची गरज नाही, आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं आणि तेवढ्या वेळात ज्याची टाकी भरली त्याची भरली. नेपच्यून (पृथ्वीच्या १७ पट) म्हणजे अर्धवट भरलेली टाकी आणि गुरू म्हणजे ओसंडून वाहिलेली. मधले, ३०-४०-५० पटवाले, कमी असायला हवेत, कारण त्या टप्प्यावरून ग्रह झटकन पुढे निघून जातो. ईदा आणि लिन या संशोधकांनी २००४ मध्येच आपल्या मॉडेलमधून दाखवलं होतं की १० ते १०० पृथ्वीवजनांच्या दरम्यान ग्रहांची टंचाई दिसायला हवी.

म्हणजे ३० पट वजनाचा ग्रह दिसला की पहिला प्रश्न हा, की बाबा तू मध्येच थांबलास कसा?

२०२१ मध्ये या ग्रहाचं वजन बऱ्याच वर्षांच्या निरीक्षणांवरून नीट मोजलं गेलं आणि त्यावरून आतली रचना काढली तर गाभा निघाला पृथ्वीच्या जेमतेम ४.६ पट किंवा त्याहून कमी, आणि वजनाचा ८५ टक्क्यांहून जास्त भाग नुसता वायू. हे पचायला फार जड होतं. एवढ्याशा गाभ्याने पंचवीस पृथ्वींच्या वजनाचा वायू कसा काय ओढला, आणि गाभ्याच्या पाचपट वायू जमल्यावर सुसाट गिळणं सुरू व्हायलाच हवं होतं ते थांबलं कसं? त्यावर मांडणी अशी झाली की हा ग्रह ताऱ्यापासून लांब, थंडीत बनला, तिथे वायूत धूळ कमी त्यामुळे तो पटापट थंड होऊन आकसला आणि छोट्या गाभ्यालाही भरपूर वायू मिळाला, आणि नंतर तो आत आला. मांडणी अशक्य नव्हती. पण त्यामागे एक गृहीतक होतं, आणि माझ्या मते या पूर्ण केसचा कणा तिथेच आहे. गृहीतक असं, की ग्रह आतून थंड आहे, कारण तो तीनेक अब्ज वर्षं जुना आहे, बनतानाची उष्णता केव्हाच निघून गेली असणार.

इथे मी भाचीला गच्चीचाच दाखला दिला. ऊन सहाला गेलं तरी स्लॅब रात्री गरम असतो, पण पहाटे पाचला हात लावून बघ, गार. बाहेरून काही मिळत नसेल तर कुठलीही गोष्ट कधी ना कधी गार होतेच, त्यामुळे जुना ग्रह आतून थंड असणार हे मानणं चुकीचं नव्हतं. पण आपण पहाटे पाचला गच्चीवर गेलो आणि स्लॅब चटका देत असेल तर? मग खालच्या घरात कुणीतरी चूल पेटवलेली असणार.

जेम्स वेब दुर्बिणीला हा चटका सापडला. २०२३ च्या शेवटी पहिली बातमी आली की या ग्रहाच्या हवेत सल्फर डायऑक्साइड आहे आणि सिलिकेटचे, म्हणजे वाळूच्या जातीचे ढग आहेत. मिथेन मात्र दिसत नव्हता. मग मे २०२४ मध्ये दोन वेगळ्या टीमनी वेगवेगळी निरीक्षणं वापरून सांगितलं की मिथेन आहे, पण अपेक्षेपेक्षा साधारण हजारपटीने कमी. हे महत्त्वाचं का, तर ४५०-५०० अंशांच्या हायड्रोजनयुक्त हवेत कार्बनला मिथेन होऊन राहायला आवडतं. जास्त तापमानात तोच कार्बन ऑक्सिजनला धरून कार्बन मोनॉक्साइड होतो. मिथेन गायब असेल तर त्याचा सरळ अर्थ असा की वर दिसणारी हवा खालच्या फार गरम थरातून ढवळून वर आलेली आहे, आणि ती इतक्या वेगाने वर येते की मिथेन परत तयार व्हायला वेळच मिळत नाही. वाळूचे ढगही तेच सांगतात, एवढ्या कमी तापमानाला ते वर टिकायला नकोत, खालून सारखा पुरवठा होत असेल तरच दिसतील. म्हणजे ग्रह आतून गरम आहे, जुन्या ग्रहाच्या मानाने खूपच गरम.

आणि आतून गरम असला की आकाराचा हिशोबच बदलतो. आपली मालदांडी ज्वारी घ्या. मूठभर दाणे तापलेल्या कढईत टाकले की टोपलंभर लाह्या होतात, पण ज्वारी तेवढीच, वाढलं काहीच नाही, नुसतं फुललं. २०२१ च्या हिशोबात या लाहीला थंड दाणा समजून वजन-आकाराचा मेळ घातला होता, म्हणून एवढं फुगायला ढीगभर वायू आणि चिमूटभर गाभा लागत होता. उष्णता धरून हिशोब केल्यावर गाभा पृथ्वीच्या १२ पटीच्या आसपास निघाला. बारा म्हणजे अगदी नेहमीचा, पुस्तकातला गाभा! वरचा वायू अठरा पट, म्हणजे सुसाट गिळण्याच्या उंबरठ्यावर, जरासा पुढेच, आणि तेवढ्यात तबकडीतला वायू संपला असं मानलं तर फार ताण येत नाही. बनण्याचं कोडं निम्म्याहून जास्त तिथेच सुटलं.

पण मग चूल कुणाची?

इथून ग्रहाच्या प्रवासाची गोष्ट सुरू होते. सगळ्यात चांगला संशयित म्हणजे भरती-ओहोटीचं बल. ग्रहाची कक्षा किंचित लांबट असेल तर प्रत्येक फेरीत तो ताऱ्याच्या जवळ जातो, लांब जातो, जवळ गेल्यावर ताणला जातो, लांब गेल्यावर सैल होतो, आणि पावणेसहा दिवसांत एकदा असं अब्जावधी वेळा मळून निघाला की आत उष्णता तयार होणारच. गुरूच्या आयो उपग्रहाबद्दल पील, कॅसेन आणि रेनॉल्ड्स यांनी १९७९ मध्ये नेमकं हेच लिहिलं होतं आणि पेपर छापून येतो न येतो तोच व्हॉयेजर-१ यानाला आयोवर ज्वालामुखी दिसले (मला आजही हा प्रसंग सांगताना अंगावर काटा येतो). वास्प-१०७ बी च्या कक्षेची उत्केंद्रता (कक्षा किती लांबट ते सांगणारा आकडा, पूर्ण गोल म्हणजे शून्य) ०.०६ च्या आसपास मोजली आहे, त्या मोजणीत चूक-भूल बरीच आहे, पण शून्य नसेल तर उष्णतेचा पुरवठा होऊ शकतो.

पण ही लांबट कक्षा उरली कशी? ताऱ्याच्या एवढ्या जवळ भरती-ओहोटीमुळे कक्षा हळूहळू गोल होत जाते. अजून पूर्ण गोल नसेल तर एक तर हा ग्रह इथे उशिरा आला, नाहीतर कुणीतरी अजूनही त्याला छेडतंय.

ताऱ्याजवळ यायच्या वाटा साधारण तीन. तिथेच बनला, ही पहिली, पण इतक्या आत बारा पृथ्वींचा गाभा जमवायला मालच पुरत नाही म्हणून मी ती बाजूला ठेवतो. दुसरी, तबकडीतून सरकत येणं: ग्रह तबकडीत लाटा उठवतो, त्या लाटा त्याचा कोनीय संवेग (फिरण्याचा जोर) काढून घेतात आणि तो आत घसरत येतो, गोल्डराइख आणि ट्रिमेन यांनी हे १९८० मध्येच मांडलं होतं, सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह ५१ पेगासी बी सापडायच्या पंधरा वर्षं आधी. ही वाट शांत आहे, कक्षा गोल राहते आणि तबकडीच्याच पातळीत राहते. तिसरी वाट दांडगी आहे. एखादा शेजारी ग्रह आपल्या ग्रहाची कक्षा ओढून ओढून भयंकर लांबट करतो, मग ग्रह प्रत्येक फेरीत ताऱ्याच्या अगदी अंगाला घासून जातो आणि भरती-ओहोटी त्याची ऊर्जा खाऊन कक्षा आतल्या आत गोल करत आणते.

आपल्या केसमध्ये पुरावा कुठल्या वाटेचा? शेजारी आहे. २०२१ च्याच कामात वास्प-१०७ सी सापडला, १,०८८ दिवसांची फेरी, उत्केंद्रता ०.२८, वजन कमीत कमी गुरूच्या एक तृतीयांशाहून थोडं जास्त. आणि दुसरा पुरावा मला सगळ्यात जबरदस्त वाटतो, तो म्हणजे कक्षेचा कल. तारा साधारण १७ दिवसांत स्वतःभोवती फिरतो आणि ग्रह ५.७ दिवसांत त्याच्याभोवती, म्हणजे ताऱ्याच्या एका गिरकीत ग्रहाच्या तीन फेऱ्या. ग्रह ताऱ्याच्या विषुववृत्ताला धरून फिरत असता तर एकदा झाकलेला सौरडागासारखा डाग दर तिसऱ्या फेरीला पुन्हा त्याच्या वाटेत यायला हवा. केप्लर दुर्बिणीच्या के-२ मोहिमेच्या डेटात डाग झाकल्याच्या खुणा होत्या, पण तेच डाग तिसऱ्या फेरीला पुन्हा भेटत नव्हते! तिथे पहिला संशय आला, २०१७ ला. मग २०२१ मध्ये हवाईच्या केक दुर्बिणीने फिरत्या ताऱ्याची जवळ येणारी आणि लांब जाणारी कड ग्रह कुठल्या क्रमाने झाकतो ते मोजलं आणि कोन निघाला सुमारे ११८ अंश. म्हणजे हा ग्रह ताऱ्याच्या ध्रुवांवरून फिरतो, आणि तेही जरा उलटाच. आपल्या सूर्याचा विषुववृत्तीय कल ग्रहांच्या पातळीशी जेमतेम ७ अंश आहे. तबकडीतून शांतपणे घसरत आलेला ग्रह ११८ अंशांवर का असेल?

शेजारी आणि कल या दोन्हींना जोडणारं गणित १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला सोव्हिएत युनियनमध्ये लिडोव यांनी उपग्रहांसाठी आणि जपानमध्ये कोझाई यांनी लघुग्रहांसाठी केलं होतं. दोन कक्षांमधला कोन ३९ अंशांहून जास्त असला की आतल्या ग्रहाचा कल आणि लांबटपणा यांची अदलाबदल सुरू होते, कल उतरतो तसा लांबटपणा चढतो. भाचीला मी पुढचा हिशोब करायला लावला, कारण तो बारावीच्या गणितात बसतो. कोनीय संवेग तसाच राहिला आणि अतिलांबट कक्षा गोल झाली तर गोल कक्षेची त्रिज्या जवळच्या बिंदूच्या अंतराच्या दुप्पट येते. आज त्रिज्या ८२ लाख किमी, म्हणजे येताना हा ग्रह ताऱ्याच्या ४१ लाख किमी जवळून जात होता. आजच्याइतका फुगलेला असता तर ताऱ्याने तो फाडून टाकायची हद्द साधारण ३२ ते ३५ लाखांवर येते. तिने दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि बराच वेळ काही बोलली नाही.

आता दुसरी बाजू. कल असणं म्हणजे दांडगी वाट हमखास, असं नाही. एक वेगळी मांडणी आहे की ग्रह आधी शांतपणे आत आला, आणि मग बाहेरची तबकडी विरत असताना तिच्या आणि बाहेरच्या ग्रहाच्या एकत्र ओढीतून असा एक क्षण येतो की आतली कक्षा उभी होत जाते, जागेवरच. कलाचं स्पष्टीकरण त्यात छान येतं. पण मग तीन अब्ज वर्षांनंतरही आत जळणारी चूल मला त्यात नीट बसवता येत नाही, आणि म्हणूनच माझा कल उशिरा, दांडग्या वाटेने येण्याकडे आहे. तसं असेल तर तीन वेगळी वाटणारी लक्षणं (उभी कक्षा, गायब मिथेन, लाहीसारखा आकार) एकाच प्रवासाची निघतात. निकाल लागायला सी ग्रहाची कक्षा बी च्या तुलनेत किती कललेली आहे ते कळायला हवं.

हा एकटाच असता तर योगायोग म्हटलं असतं. पण जीजे ४३६ बी, एचएटी-पी-११ बी, जीजे ३४७० बी, हे सगळे नेपच्यूनच्या वजनाचे, ताऱ्याजवळचे, वायू गमावणारे, आणि वास्प-१०७ बी धरून हे चारही आपापल्या ताऱ्याच्या ध्रुवांवरून फिरतात. ताऱ्याच्या फार जवळ, तीन दिवसांच्या आतल्या कक्षांत, या आकाराचे ग्रह जवळपास नाहीतच, त्याला नेपच्यूनचं वाळवंट म्हणतात. वाळवंटाच्या कडेला, साधारण ३.२ ते ५.७ दिवसांच्या पट्ट्यात, मात्र ते दाटीने सापडतात. आपला ग्रह बरोबर त्या पट्ट्याच्या काठावर आहे.

पहाटे दुर्बीण उतरवताना भाचीने शेवटचं विचारलं, "लाही व्हायच्या आधी दाणा केवढा असेल?" याचं अगदी थेट उत्तर नाही, पण जवळचा दाणा आपल्याच देशातून सापडलाय. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या टीमने माउंट अबूच्या १.२ मीटर दुर्बिणीवर पारस वर्णपटमापक लावून २०१८ मध्ये के२-२३६ बी चं वजन मोजलं: पृथ्वीच्या २७ पट, म्हणजे जवळजवळ वास्प-१०७ बी एवढंच. त्रिज्या मात्र पृथ्वीच्या ६ पट, वास्प-१०७ बी ची साडेदहा पट. तो ताऱ्यापासून लांब, साडेएकोणीस दिवसांच्या फेरीवर आहे आणि त्याच्या वजनातला ६० ते ७० टक्के भाग बर्फ, खडक आणि लोखंडाचा निघतो. आणि त्याच प्रयोगशाळेने २०२४ मध्ये मोजलेला टीओआय-६६५१ बी तर पाच दिवसांच्या फेरीवर असूनही त्रिज्येने फक्त ५ पट आहे आणि वजनाने ६० पट, म्हणजे त्याच पट्ट्यात, उलट जास्त आचेवर, न फुललेला टणक दाणा.

"मग तो का नाही फुलला?" तिने चादर घडी घालता घालता विचारलं. त्याच्या ८७ टक्के वजनात खडक-लोखंडच आहे, फुलायला वायूच उरलेला नाही, आणि तो वायू कुठे गेला, टक्करीत उडाला की येताना ताऱ्याने सोलून काढला, ती पुढची केस आहे. स्लॅब तोपर्यंत गार झाला होता.